भाऊकी न ओळखणारं कुलूप

तुमची वंदना काय काम करते, असं कोणी माझ्या आईला विचारलं, की ती सांगायची, "कुलपं करते." एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण सुरतेला पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोणाचं कपाट अडकलं, कोणाच्या पेटीची किल्ली हरवली, की ती त्याला खुशाल माझ्याकडे पाठवून द्यायची. रविवारी सकाळी दार उघडावं तर एखादे मामा गंजलेलं कुलूप हातात घेऊन उभे. मी म्हणायची, मामा, माझी कुलपं दिसत नाहीत. मामा आधी कुलपाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि परत जाऊन आईला सांगायचे, की पोरगी शिकली खरी, पण उपयोग नाही.

खरं तर आईचं काही चुकत नव्हतं. कापड मार्केटच्या वरच्या मजल्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांना वळसा घालून जावं लागे अशा एका छोट्या कंपनीत मी आयुष्यभर व्हिडिओंना कुलपं लावली. व्हिडिओ कोणी चोरू नये, ज्यानं तो बनवला त्याच्या परवानगीशिवाय कोणी बघू नये, एवढंच आमचं काम. आता कंपनी नाही आणि मीही भेस्तानला घरी बसून असते. इथल्या मराठी मंडळाचे लोक दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून मागे लागले, म्हणून बसले आहे.

न पाहिलेल्यांसाठी आधी कुलूप समजावून सांगते. तुम्ही मोबाइलवर वर्गणी भरून एखादा व्हिडिओ उतरवून घेता. तो तुमच्याकडे सरळ येत नाही. त्याचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा असा गुंडाळलेला असतो, की किल्लीशिवाय उघडला तर त्यात नुसता कचरा सापडेल. किल्ली वेगळ्या वाटेनं येते. ती आमच्या मशीनकडून येते आणि येताना अटी घेऊन येते: इतक्याच मोबाइलवर चालेल, महिना झाला की पुन्हा आमच्या मशीनला विचारावं लागेल. मोबाइलच्या पोटात एक बंद कप्पा असतो, किल्ली तिथं जाऊन बसते. ज्याच्या खिशात तो मोबाइल आहे त्यालाही ती दिसत नाही. त्यानं पडद्याची नक्कल करायला घेतली तर काळोख मिळतो.

हा काळोख बघून आमचे रसायनशास्त्राचे सर इतके खूष झाले होते, की ऑफिसात लोचो, हा सुरतेचा डाळीचा नाश्ता, घेऊन आले. उधन्याला त्यांचे मोठे क्लास होते. त्यांची लेक्चरं कुणीतरी उचलून परस्पर वाटत होतं, म्हणून ते आमच्याकडे आले होते. लोचो पचतो न पचतो तोच सर परत हजर, चेहरा उतरलेला. नवी लेक्चरंही बाहेर फिरत होती. कुणीतरी एक मोबाइल टेबलावर ठेवून त्याच्यासमोर दुसरा मोबाइल धरला होता आणि निवांत शूटिंग केलं होतं. याच्यावर जगात कोणाकडेही औषध नाही. डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्याला दिसणारच. आम्ही फक्त एवढं करू शकत होतो, की जो बघतोय त्याचा मोबाइल नंबर पडद्यावर फिकट अक्षरांत सरकत ठेवायचा. चोरी थांबत नाही, पण चोर कोण ते कळतं. सरांना आपल्या कपाळावरून नंबर फिरणं पसंत नव्हतं. तरी तयार झाले. महिन्याभरात नंबर सापडला आणि तो निघाला त्यांच्या सख्ख्या भाच्याचा. सर म्हणाले, की तुमच्या मशीनची काहीतरी चूक होत असेल. त्यानंतर त्यांनी लोचो आणला नाही.

ऑफिसात नवी मुलं लागली, की त्यांना हे सगळं शिकवायचं काम माझ्याकडे असे. मी त्यांना कानबाईचे रोट सांगायची. आम्ही खानदेशची माणसं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. त्या दिवशी सव्वाच्या मापानं गहू घेऊन जाडजूड रोट करतात. रोट खायचा अधिकार फक्त भाऊकीला, म्हणजे एका कुळातल्या घरांना. शेजारी कितीही जिवाचा असो, त्याला रोट देत नाहीत. उरले तरी बाहेर जात नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. शिवाय आमच्या भाऊकीत तर लग्न झालेल्या मुलीलाही माहेरचा रोट चालत नाही. म्हणजे कोणाला चालेल, किती दिवस चालेल, कोणाची परवानगी कधी रद्द होईल, सगळं ठरलेलं. गुजराती मुलांना आमच्या आकृत्यांपेक्षा हे लवकर समजायचं. माझी परवानगी लग्नाच्या मांडवात रद्द झाली, हेही मी सांगायची, आणि ती हसायची. मीही हसायची. पण दर श्रावणात माहेरच्या दारात बसून आतल्या रोटांचा वास घेताना मला हसू येत नसे.

त्या दारात बसायला जायचं खरं कारण मोठी माय. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूल नव्हतं आणि माझी आई मिलमध्ये कामाला जायची, म्हणून मी तिच्याच हाताखाली वाढले. दिवसभर ती दारापुढच्या ओटल्यावर बसून साड्यांना खडे चिकटवायची. शेजारच्या खोलीतली सुनैना, ही यूपीची, तीही तेच काम करायची. दोघी एकाच गठ्ठ्यातल्या साड्या वाटून घ्यायच्या. मोठी माय कानबाईची गाणी म्हणायची. त्या गाण्यांत एक बाई पुढे सांगते आणि बाकीच्या मागून उचलतात. आमच्या भाऊकीत पुढे सांगणारी तीच. मागून उचलणाऱ्या पुष्कळ होत्या, पण पुढचं कडवं कोणतं हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आवाज काही गोड वगैरे नव्हता. थोडा चिरकाच होता. पण तो सुरू झाला, की मला आपण कुठेतरी पोचलो असं वाटायचं.

जयेशभाई हे आमचे कडोदऱ्याचे एक गिऱ्हाईक. लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता त्यांचा. सुरतेत एवढे खानदेशी लोक आहेत, त्यांना त्यांची अहिराणी गाणी मोबाइलवर द्यावीत, असं त्यांच्या मनात आलं. माणूस हुशार. कानबाईच्या गाण्यांसाठी कोणी बाई आहे का, असं त्यांनी मला विचारलं आणि मी मोठी मायचं नाव सांगितलं. स्टुडिओत तिला निळ्या पडद्यासमोर बसवलं. समोर भाऊकी नाही, मागून उचलणारं कोणी नाही. ती मला म्हणाली, भिंतीले गानं सांगानं का? मी म्हटलं, मी बसते समोर. मी बसले आणि तिनं सगळी गाणी म्हटली. मग ती गाणी माझ्याच टेबलावर आली आणि मीच त्यांना कुलूप लावलं. माझ्या हातून लागलेलं सगळ्यात पक्कं कुलूप ते. जयेशभाईंनी तिला कौतुकानं एक खातंही उघडून दिलं. एका कुटुंबाचं खातं, चार मोबाइलवर चालणारं.

श्रावण लागला आणि आमच्या मशीननं ओरडायला सुरुवात केली. एकच खातं आळीपाळीनं पांडेसरा, भेस्तान, कडोदरा, नंदुरबार, धुळे अशा ठिकाणच्या ढीगभर मोबाइलवर उघडत होतं. एकानं बाहेर पडायचं, दुसऱ्यानं आत शिरायचं. अशी टोळी मी पाहिली नव्हती. जयेशभाई फोनवर तापले होते. बेन, आ तो चोखी चोरी छे, ही सरळसरळ चोरी आहे, म्हणाले. मी खात्याचा धनी शोधला, तर ते मोठी मायचं खातं.

मी गेले तेव्हा ती ओटल्यावरच होती, मांडीवर मोरपंखी साडी. मी सांगितलं ते तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "भाऊकीमाच दिनं ना मी. बाहेर कोनले दिनं?"

मी म्हटलं, कुटुंबाचं खातं म्हणजे घरातली चार माणसं. तिला हे मुळीच पटेना. कुटुंब म्हणजे जे एका रोटाचं खातात ते सगळे, हे तिला इतकं उघड होतं, की मी तिच्याशी वाद घालतेय याचंच तिला नवल वाटलं. आणि ती आमच्या मशीनपेक्षा कडक होती. कोणकोणत्या घरी परवलीचा शब्द गेलाय, ते तिनं मला घराघराचं नाव घेऊन सांगितलं. त्यात भाऊकीबाहेरचं एकही नव्हतं. भाऊकीतल्या कोणाच्या व्याह्यांनी मागितला तर त्यांनाही तिनं दिला नव्हता.

"तुनं कुलूप भाऊकी वळखस का?" तिनं विचारलं.

नाही ओळखत, मी म्हटलं. ते फक्त मोबाइल ओळखतं.

"मंग ते काय कुलूप शे?" ती म्हणाली, आणि खडा चिकटवू लागली.

मी नोकरी करणारी बाई. खातं चार मोबाइलपुरतं आवळणं मला भाग होतं. तिला म्हटलं, चार घरं तू निवड. तिनं निवडली ती ज्या घरांत म्हातारी बाई उरली नव्हती आणि मागून उचलणारंही कोणी नव्हतं अशी. तिचा स्वतःचा मोबाइल त्या चारांत नव्हता. मी म्हटलं, तुला एक ठेव. तर म्हणाली, माले कसाले? माले ते येस. माझं नाव तिनं घेतलं नाही, आणि मीही मागितलं नाही. आमच्या धंद्यात आपल्या हातातून जाणाऱ्या मालाची नक्कल आपल्यासाठी ठेवायची नाही, असा दंडक होता. मी तो कधीच मोडला नाही. याचा मला फार अभिमान होता.

नंतर दोन गोष्टी घडल्या, आणि घडत असताना मला त्यांचा संबंध कळला नाही. एक म्हणजे, मोबाइलवर गाणी आली तशी बायकांनी शिकायचं सोडलं. आहेत ना मोबाइलमध्ये, असं सगळ्या म्हणायच्या. दुसरी म्हणजे, जयेशभाईंचं ॲप चाललं नाही. त्यांनी ते बंद केलं, स्टुडिओच्या डिस्कवर नवी लग्नं भरली आणि जमिनीच्या व्यवहारात पडले. करार संपला की गिऱ्हाइकाच्या किल्ल्या नष्ट करायच्या, अशी आमची अट असते. ती अट पाळली गेली. त्याच हिवाळ्यात मोठी माय दम्यानं गेली. पुढे आमची कंपनीही मिटली आणि मी घरी आले.

पुढच्या श्रावणात भाऊकीतले वडीलधारे धनराज नाना, माझे चुलतभाऊ, भेस्तानला माझ्या घरी आले. सोबत त्या चार घरांतले दोन मोबाइल. गाणी आतमध्ये होती. नाव दिसत होतं, मोठी मायचा छोटा फोटो दिसत होता. बोट लावलं, की एक चाक गोल फिरायचं आणि परवानगी संपल्याचं लिहून यायचं. परवानगी द्यायला पलीकडे मशीनच उरलेलं नव्हतं. नाना म्हणाले, कानबाई तोंडावर आली, पुढे सांगणारी कोणी नाही, यंदा नुसती आरती होईल आणि देवीसमोर सगळे मुके बसू. "तू लायेल कुलूप शे. तूच खोल."

मी बरेच दिवस झटले. जुन्या सोबत्यांना फोन केले. जयेशभाईंकडे जाऊन आले. त्यांनी बिचाऱ्यांनी कपाटं उलथीपालथी केली, पण मूळ रेकॉर्डिंग लग्नांच्या खाली कधीच गाडलं गेलं होतं. मग मी एकटीच त्या गुंडाळलेल्या तुकड्यांपुढे बसले. कुलूप उत्तम होतं. कुठेही फट नव्हती. इतकं चांगलं काम केल्याबद्दल पूर्वी मला शाबासकी मिळाली असती.

नानांना मी सांगितलं, की हे आता जगात कोणालाच उघडणार नाही, मलाही नाही. त्यांना ते खरं वाटलं नाही. कुलूप करणाऱ्याला स्वतःचं कुलूप उघडत नाही, हे कोणाला खरं वाटेल? ते मोबाइल घेऊन उठले आणि चहा तसाच राहिला. मला भाऊकी गमावल्याचं वाईट वाटलं नाही, ती लग्नातच गेली होती. मला तो आवाज हवा होता. लहानपणी तापात डोक्यावर हात ठेवून ती जे गुणगुणायची ते मला आठवेना. आठवायला जावं, तर फिरणारं चाक डोळ्यांसमोर यायचं.

तरीही रविवारी मी गेले. कानबाई बसली होती. आतमध्ये रोट भाजले जात होते. मी नेहमीसारखी ओटल्यावर बसले. सुनैना बाजूला साडी घेऊन बसली होती. तिनं विचारलं, गाना क्यों नहीं हो रहा? मी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातली साडी बाजूला ठेवली, खोलीत गेली आणि काच तडकलेला एक जुना मोबाइल घेऊन आली.

त्याच्यात शूटिंग होतं, मी खातं आवळण्याच्या आधीचं. याच ओटल्यावर, खड्यांच्या डब्याला टेकवून एक मोबाइल उभा केलेला, आणि त्याच्यात निळ्या पडद्यासमोर बसलेली मोठी माय. तिच्या कपाळावरून तिचाच नंबर सरकत होता, मीच सरकवलेला. आयुष्यभर मी जी चोरी पकडली, अगदी तीच ही. आवाज थोडा लांबून येत होता, मागे मिलचा भोंगा, कुकरची शिट्टी. आणि त्याच्या जोडीला दुसरा एक आवाज, जवळचा. मोठी माय शेजारी बसून स्वतःचंच गाणं ऐकत होती. मधेच ती म्हणाली, "आठे घाई करी टाकी मी," आणि तेच कडवं सावकाश म्हणून दाखवलं, जसं ती घरी म्हणायची. पडद्यात एक मोठी माय आणि पडद्याबाहेर दुसरी. मला रडू आवरेना.

मग शूटिंगमधल्या सुनैनानं विचारलं, की दीदी, कंपनीवाले पकडतील ना? त्यावर मोठी माय तिच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "रोट तो तेरे को नहीं दे सकती ना, बाई. ये ले ले."

मी तो मोबाइल आत नेऊन नानांच्या हातात दिला. तो देवीसमोर ठेवला आणि आवाज मोठा केला. बायका आपोआप पुढे सरकल्या. मोठी मायनं सांगितलं आणि त्यांनी मागून उचललं, आधी चाचपडत आणि मग भरभरून. शेवटच्या गाण्यात मधेच पडदा विझला. त्या दिवशी शूटिंग चालू असताना सुनैनाला कोणाचा तरी फोन आला होता आणि ते तिथंच तुटलं होतं. सगळे थांबले. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "आते काय व्हयनं, वंदू? परत कुलूप?"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. उंबऱ्याच्या पलीकडे बसून सुनैना पुढचं कडवं म्हणत होती. उच्चार तिचे, यूपीचे, 'ळ'चा सगळा 'ल' केलेला. पण शब्द एकही चुकत नव्हता. साड्यांना खडे लावता लावता इतकी वर्षं तिनं ते ऐकलं होतं. बायका क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी मागून उचललं. गाणं पुरं झालं.

आरती झाली, आत रोट मोडले गेले. सुनैनाला काही रोट मिळाला नाही आणि मलाही नाही. नियम तो नियम. आम्हा दोघींना ओटल्यावर चहा आला. चहा पिता पिता तिनं मला विचारलं, की ताई, इस गाने का मतलब क्या है? बरेचसे शब्द मी सांगितले. काही मलाही येत नव्हते. मग मी तिला म्हटलं, मतलब मी विचारून सांगते, पण तू मला हे पहिल्यापासून शिकव.

तिनं कप खाली ठेवला आणि पहिली ओळ म्हटली. मी ती मागून उचलली.